लुपेचं काळं कापड

सोमवार ते गुरुवार लुपे कापडासाठी झाडाची साल ठोकायची, शुक्रवारी रंग घोटायची, शनिवारी रविवारचा स्वयंपाक करून ठेवायची आणि रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसायची. नवे पाद्री आले तेव्हा त्यांनी तिच्या भक्तीचं भर सभेत कौतुक केलं. शेजारी बसलेल्या सेलुवाइयाने तिला कोपराने ढोसलं. लुपे दचकून "आमेन" म्हणाली. ती झोपली होती.

तिचं पूर्ण नाव तोकिलुपे. वय चौपन्न. एउआ बेटावर ओहोनुआच्या धक्क्यापासून वर चढत गेलं की उजव्या हाताला तिचं पत्र्याचं घर. आधीचं घर खाली किनाऱ्याला होतं. ज्या जानेवारीत समुद्रातला डोंगर फुटला, राख पडली आणि लाट आली, त्या जानेवारीत ते गेलं. लुपे आणि तिची मुलगी कालो टेकडीवर पळाल्या म्हणून वाचल्या. घर गेलं, भांडी गेली, आईच्या हातची नक्षीची पानं, कापडावर ठसा उठवायची, तीही गेली. राहिली ती आईची मोगरी. पळताना ती हातात होती. का घेतली, हे लुपेला नंतरही सांगता यायचं नाही.

त्या मोगरीने तिने चाळीस वर्षं हिआपोच्या झाडाची साल ठोकली होती. साल सोलायची, वरचं हिरवं खरवडून काढायचं, भिजवायची आणि ओंडक्यावर ठेवून ठोकायची, हाताएवढी पट्टी परातीएवढी रुंद होईपर्यंत. ठकठक, ठकठक. त्यामुळे तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. केस विंचरायला हात वर जात नसे. केस कालो विंचरून द्यायची. ती खाली धक्क्यावर तिकिटं फाडायच्या कामाला होती. तिला घाई असायची, आणि घाईत ती केस ओढायची.

पट्ट्या ठोकणं एकटीला जमतं. त्या जोडून मोठं कापड, न्गातू, करणं एकटीचं काम नाही. त्यासाठी गावातल्या आठजणी चर्चमागच्या खोलीत जमत. लांब, पाठीसारख्या फुगीर फळीवर नक्षीची पानं बांधायची, वर सालीच्या पट्ट्या अंथरायच्या, कसाव्याच्या खळीने चिकटवायच्या आणि रंगाचा बोळा घासायचा, म्हणजे खालची नक्षी वर उमटते. आज तुझं, उद्या माझं, असा तो रिवाज. लुपे सगळ्यांच्या कापडाला जायची. तिची पाळी आली की मात्र बायका तोंडं वाकडी करायच्या, कारण लुपेची नक्षी काही शहाण्यासारखी नसायची. बाकीच्यांच्या कापडावर तारे, केवड्याची फुलं, उडते पक्षी. लुपेने या वेळी नवीनच काहीतरी दोऱ्याने विणून आणलं होतं.

"ही काय गं? डुकरं का?" सेलुवाइयाने बोळा घासता घासता विचारलं.

"बॅगा आहेत."

"बॅगांना पाय?"

"चाकं आहेत ती."

बायका हसून हसून लोळल्या. सेलु लुपेची लहानपणापासूनची मैत्रीण, गटाची मुकादम आणि जिभेला हाड नसलेली बाई. "लोकांच्या लग्नात पक्षी अंथरतात, आमची लुपे बॅगा अंथरणार," ती म्हणाली. "नवरी त्यावर बसली की उठून थेट विमानतळावर!"

"हे लग्नाचं नाहीच. भिंतीवर लावायचं आहे. ब्रिस्बेनला."

"भिंतीवर? मग त्यावर बसणार कोण?"

"कोणीच नाही. उभं राहून बघतात."

"आणि बघून काय करतात?"

"काय माहीत बाई. वाइन पितात म्हणे."

पण सगळ्या वाकून घासत राहिल्या. प्रत्येकीच्या घरातून अशी एक तरी बॅग गेलेली होती. दरवर्षी हंगाम आला की गावातले पुरुष ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जात. सकाळच्या बोटीसाठी धक्क्यावर बॅगांची रांग लागायची. काही बॅगा सहा महिन्यांनी परत येत. काही येत नसत.

लुपेच्या नवऱ्याची आली नव्हती.

पेनिसिमानी आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेला. दोन हंगाम नेमाने परत आला. येताना कालोला बूट, लुपेला बाम आणि चर्चला पंखा घेऊन आला. तिसऱ्या हंगामाला राहिला. काम वाढलंय म्हणाला. मग फोन महिन्याचा झाला, मग नाताळचा. लाट आली त्यानंतर पाच आठवडे बेटाचा जगाशी संपर्कच नव्हता. लाइन सुरू झाल्यावर लुपेने फोन केला तर नंबरच बंद. तो जिवंत आहे आणि मजेत आहे हे तिला नणंदेकडून, लोसालिनेकडून, कळलं. "काळजी करू नकोस," एवढंच लोसालिने म्हणाली आणि विषय बदलला. लुपेने काय ते ओळखलं. दोन महिने रडली. मग रडायचाही कंटाळा आला आणि तिने बॅगांची नक्षी विणायला घेतली.

ते कापड पुरं व्हायला दोन वर्षं लागली. चाळीस फूट लांब. शेवटचा काळा हात मात्र लुपेने एकटीने दिला. तुइतुईच्या तेलकट बिया जाळून धरलेली काजळी, त्यात कोकाच्या झाडाच्या सालीचा काढा. गुडघ्यांवर बसून, बोटाबोटाने, प्रत्येक बॅगेच्या कडेने. कापडाची सगळी जमीन काळीभोर आणि त्यातून तपकिरी बॅगांच्या रांगाच रांगा. पुरं झालं त्या दिवशी ती ओसरीवर आडवी झाली आणि कालोला म्हणाली, "आता मला कोणी चहासुद्धा मागू नका."

ब्रिस्बेनच्या प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन झाला होता. कापड गुंडाळून, वर चटई बांधून तयार होतं. पुढच्या आठवड्याच्या बोटीने निघायचं होतं.

त्या मंगळवारी लोसालिने आली. नुकुआलोफाहून सकाळच्या बोटीने, काळ्या कपड्यात, कमरेला जुनी फाटकी चटई गुंडाळून. मयतीला जाताना गुंडाळतात तशी. लुपे दारातच उभी राहिली.

"वन्सं, कोण गेलं?"

"पेनी," लोसालिने म्हणाली. "शनिवारी. हृदय बंद पडलं. शुक्रवारी आणताहेत."

लुपेने तिला आत घेतलं, पाणी दिलं, चटईवर बसवलं. मग स्वतः बसली. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. नुसता थकवा आला, उतारावरून पाणी यावं तसा.

नणंद मोठी आणि नवऱ्याची बहीण. तिच्यापुढे लुपेने आवाज चढवायचा नाही, ही रीत. लोसालिने घोटभर पाणी प्यायली आणि तिने कामाचं काढलं. "वहिनी, आत्याबाई येणार आहेत. सत्त्याऐंशीचं वय, पण मयताच्या उशाशी मानाने त्याच बसणार. आमच्याकडे काळं न्गातू एकच होतं, ते गेल्या वर्षी काकांच्या मयतीत गेलं. पेटीखाली काळं नसलं तर गाव काय म्हणेल? तुझ्याकडे आहे असं ऐकलं."

"ते ब्रिस्बेनला द्यायचं कबूल केलंय."

"परक्यांना?"

"हो."

"आणि नवऱ्याला?"

लुपे बोटांच्या पेरांत अडकलेली काजळी बघत राहिली. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "त्याच्यासाठी मी चटया देईन. डुक्कर देईन. स्वयंपाकाला आठ माणसं उभी करीन. पण ते कापड नाही. ते मी त्याच्याशिवाय केलंय."

लोसालिने उठली. ओठ घट्ट मिटून, नातेवाइकांकडे उतरायला निघून गेली. गावात अशी कोणी वहिनी नव्हती जिने नणंदेला नाही म्हटलं होतं. तासाभरात सेलु धावत आली. "शाब्बास!" ती म्हणाली. "माझ्या उभ्या जन्मात मी हे ऐकलं नव्हतं. तुला कापरं भरलं नाही?"

"भरलंय," लुपे म्हणाली. "पाठ चेप जरा."

शुक्रवारी समुद्र वाईट होता. बोट अर्धा तास धक्क्याबाहेर वरखाली होत राहिली. सगळं गाव काळं नेसून उभं होतं. लोसालिनेचा नवरा पेटी आणायला विमानतळावर गेला होता, तो मुळात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. आधी तो उतरला. मग पेटी उतरली. मग, सगळ्यात शेवटी, दोन खलाशांच्या आधाराने एक गोरी बाई उतरली. साठीची, आखूड केसांची, हिरवट पडलेल्या चेहऱ्याची. बोटीभर तिने ओकाऱ्या काढल्या होत्या. धक्क्यावर पाय ठेवला आणि ती पुन्हा कठड्यावर वाकली.

"ही कोण?" सेलुने विचारलं. लोसालिनेने मान दुसरीकडे वळवली, तेव्हाच लुपेला उत्तर मिळालं.

कालो नोकरीच्या सवयीने पाण्याची बाटली घेऊन पुढे गेली. बाईने चूळ भरली, तोंड पुसलं. "मी नोरीन," ती म्हणाली. "पेनीची. तू त्याची मुलगी ना? तुझा फोटो बघितलाय. तुझ्या आईबद्दल फार वाईट वाटलं गं मला."

"आईबद्दल?" कालोला कळेना. "आई ही काय इथे."

लुपे पुढे झाली. शाळेतलं इंग्रजी तिला पुरेसं येत होतं. नोरीनने तिच्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि कठडा धरून खाली बसली.

"तो म्हणाला होता तुम्ही गेलात," ती पुटपुटली. "लाटेत. तीन दिवस रडला तो. मी सुट्टी काढली त्याच्यासाठी. मी तुमच्यासाठी चर्चमध्ये फुलं ठेवली."

धक्क्यावर इंग्रजी समजणारे थोडे होते. न समजणारे समजणाऱ्यांना ढोसायला लागले.

"कुठली फुलं?" लुपेने विचारलं.

"पांढरी. लिली."

"बरं," लुपे म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "थँक यू."

आणि तिला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. सेलुने तिला मिठीत धरलं, लोकांना वाटावं की ती रडते आहे. दोघी तशाच उभ्या राहिल्या. पेटी ट्रकवर चढत होती आणि लुपे सेलुच्या खांद्यात तोंड खुपसून गदगदत होती. मग त्या हसण्याचंच कधीतरी रडणं झालं. कधी झालं ते सेलुलाही कळलं नाही.

लुपेच्या घरी मांडव घातला होता. आत्याबाई उशाशी येऊन बसल्या होत्या, मोतीबिंदूने पांढरे झालेले डोळे पेटी येईल त्या दिशेला लावून. लोसालिनेने जमिनीवर जुनी चटई अंथरली होती आणि तीवर कुणाकडून तरी आणलेलं विटकं, उंदरांनी कुरतडलेलं कापड. पेटी टेकवायला माणसं वाकली. नोरीन दाराबाहेर नीरफणसाच्या झाडाखाली बॅग घेऊन उभी होती. तिला कोणी या म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं.

"तिला आत घ्या," लुपे म्हणाली.

"कुठे बसवू?" लोसालिने दबक्या आवाजात फुत्कारली. "कोणत्या नात्याने? आत्याबाईंसमोर?"

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं. माझ्या मरणाचंही."

लोसालिनेची मान खाली गेली. "त्याने शपथ घातली होती," ती म्हणाली. "सख्खा भाऊ होता गं." मग ती खरोखरची रडायला लागली. लुपेला तिचाही राग करवेना. राग करायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

ती माणसांना म्हणाली, "थांबा. टेकवू नका." आणि सेलुला घेऊन मागच्या खोलीत गेली.

गुंडाळी जड होती. दोघींनी दोन टोकं धरली. सेलु दारात अडली. "वेडी झालीस का? दोन वर्षं, लुपे! माझ्या कमरेचा काटा ढिला झाला ह्याच्यापायी. त्या लबाड माणसासाठी?"

"त्याच्यासाठी कुठे?" लुपे म्हणाली. "मी मेले होते ना? तीन वर्षं झाली, माझं काही केलंच नाही कुणी. एका परक्या बाईने फुलं ठेवली, तेवढीच. होऊन जाऊ दे आज."

सेलु दारातून बाजूला झाली. मग तिने आपलं टोक उचललं.

कापड उलगडत गेलं तसे लोक मागे सरकत गेले. खोली पुरेना. ओसरी ओलांडून ते मांडवात गेलं, काळंभोर, बॅगांच्या रांगा घेऊन. चर्चमागच्या खोलीत हसलेल्या सगळ्याजणी मांडवात होत्या. आज कोणी हसलं नाही. मधोमध पेटी टेकवली. आत्याबाईंनी हात पुढे करून कापड चाचपलं, बोटांनी चोळलं, वास घेतला.

"ताजी काजळी," त्या म्हणाल्या. "कुणाच्या हातचं?"

"सुनेच्या," कोणीतरी सांगितलं.

"नक्षी कसली?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सेलुच म्हणाली, "बॅगा आहेत, आत्याबाई. चाकांच्या."

"हं," म्हातारी म्हणाली. "माझे तिघे गेले तसे."

लुपे बाहेर गेली, नोरीनचा हात धरून तिला आत आणलं आणि कापडाच्या पार कडेला, पायथ्याशी, स्वतःशेजारी बसवलं. दोघी दुपारभर तशाच बसून राहिल्या. लोक येत होते, गात होते, रडत होते. कोणी काही विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती, कारण बसवणारी खुद्द बायको होती. मधेच नोरीनने कुजबुजत विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?"

"उद्या रागावेन," लुपे म्हणाली. "आज पाठ दुखते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरलं. कापडाचा काही भाग पेटीभोवती गुंडाळून जमिनीत गेला. उरलेलं रीतीप्रमाणे आत्याबाईंचं झालं, आणि त्यांनी रीतीप्रमाणेच ते कापायला सांगितलं. लोसालिनेने सुरी चालवली. पाद्रींना दहा फूट. बोटवाल्यांना एक तुकडा. पेटी उचलणाऱ्यांना, गाणाऱ्यांना, लांबून आलेल्या भाच्यांना. लुपे जेवणाच्या चुलींशी उभी राहून ऐकत होती. साल फाटताना कोरडा, खरखरीत आवाज येतो. सगळे तुकडे होऊन गेले तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "ती गोरी बाई गेली का?"

"नाही. तिथेच बसलीय."

"ती किती लांबून आली. रिकाम्या हाताने कशी जाईल? दे तिला."

लोसालिने हातात सुरी धरून उभी राहिली. मग तिने स्वतःच्या वाट्यातला चार फुटांचा तुकडा कापला आणि दोन्ही हातांनी नोरीनच्या पुढ्यात ठेवला. नोरीनला काय करायचं कळेना. लुपेने खूण केली तसं तिने ते डोक्याला लावलं.

जाण्याआधी नोरीन लुपेकडे नारळाच्या दुधातली अळूची पानं जेवली. दोघी पेनीबद्दल बोलल्या. थोडंच. तो तिथेही घोरायचा. तिथेही रविवारी कपडे धुऊ द्यायचा नाही. तिथेही पैसे हातात आले की पंखा घ्यायचा.

"कुठला पंखा?" लुपे म्हणाली.

"घरात पाच आहेत," नोरीन म्हणाली.

बोटीवर चढवताना लुपेने तिला चघळायला आल्याचा तुकडा दिला.

ब्रिस्बेनच्या बाईंना फोन करणं तिने तीन दिवस टाळलं. शेवटी कालोने नंबर लावून दिला. बाई भल्या होत्या, पण त्यांचा आवाज बारीक होत गेला. "सगळी भिंत मोकळी ठेवली आहे हो मी. आता नक्की कुठे आहे ते?"

"थोडं जमिनीत," लुपे म्हणाली, "थोडं लोकांकडे."

"फोटो तरी?"

"काढायचा राहिला."

प्रदर्शन तिच्याशिवाय झालं. कालोने मोबाइलवर दाखवलं. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी कापड होतं, पक्ष्यांचं. चांगलं होतं. लुपेने दोनदा बघितलं आणि मोबाइल परत दिला.

वर्षभर ती काळ्या कपड्यात राहिली. रीत होती, आणि काळ्यावर डाग दिसत नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सहा महिने मोगरीला हात लावायचा नाही असं बजावलं. तिने पाच पाळले. पाच महिने ती नुसती झोपली, दुपारीसुद्धा. झोपून उठली तरी थकवा असायचाच. पण तो आता नुसता थकवा होता, त्याच्या पोटात दुसरं काही नव्हतं.

लोसालिने महिन्यातून एकदा यायला लागली. पूर्वी यायची नाही. आली की कंद सोलत बसायची आणि बोलायचं टाळायची. एकदा सोलता सोलताच म्हणाली, "वहिनी, मी चुकले." लुपे म्हणाली, "साल जाड काढताय, वन्सं," आणि तिच्याकडून सुरी घेतली.

नोरीनचं पत्र आलं. तो तुकडा तिने पलंगावर घातला होता. भिंतीवर लावावा का, असं तिने विचारलं होतं. लुपेने कालोकडून दोन ओळी लिहून घेतल्या: लावू नका, अंगावर घ्या, थंडीत ऊब असते.

पुढच्या वर्षी ब्रिस्बेनचा पुन्हा फोन आला. बाईंनी जपून विचारलं, या वेळी छोटं काही जमेल का, सहा फूट वगैरे. लुपे म्हणाली, बायकांना विचारून सांगते. बायकांना म्हणजे सेलुला. सेलु म्हणाली, "मध्येच कोणी मेलं तर?"

"मेलं तर मेलं. तेव्हाचं तेव्हा बघू."

"आणि नक्षी? या वेळी काय, विमानं?"

"अजून काही सुचलं नाही," लुपे म्हणाली. "हिआपो आधी मनगटाएवढे होऊ देत. राखेनंतर रोपं फार हळू वाढताहेत."

सोमवारी दोघी मळ्यावर गेल्या. मनगटाएवढी बारा रोपं निघाली. सेलुने कापली, लुपेने डाव्या हाताने सोलली. बारा म्हणजे काहीच नाही. सहा फुटांनाही पुरायची नाहीत. त्यांनी ती भिजत घातली आणि झाडाखाली पाय पसरून बसल्या. सेलु तिच्या धाकट्या सुनेची गाऱ्हाणी सांगू लागली. लुपे अर्धं ऐकत होती, अर्धं पेंगत होती.